सतरा नंबरशी एकवीस दिवस

"सतराची वही कुठाय, मावशी?"

डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. मी मासळी चिरत होते. बोटाएवढे मासे, त्यांची डोकी उडवायची, बारीक तुकडे करायचे आणि दाण्यांच्या भरड्यात कालवायचे. बारा वर्षं माझी सकाळ यातच जाते. सुरी हातातून सुटली नाही, एवढंच म्हणायचं.

"कपाटात आहे. का हो?"

"अकराला बैठक आहे. पलीकडचे लोक स्क्रीनवर येणारेत. तुम्हीपण बसायचंय."

"मी कशाला? मला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्हाला काही करायचं नाहीये. वही दाखवायची, बास." मग त्या आत आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "सतरा गेलं, मावशी. मागच्या सोमवारी. रस्त्यावर, ट्रकखाली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस बोलले नाही."

मला वाईट वाटलं नाही. मला भीती वाटली. आधी भीती आणि बऱ्याच वेळानं वाईट, असा तो क्रम होता. तो आठवला की आजही स्वतःची शरम वाटते.

आमचं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं कुणाला कळायचं नाही. आम्ही करकोचे वाढवतो. कागदोपत्री त्यांना क्रौंच म्हणतात, साहेब लोक आले की आम्हीपण क्रौंच म्हणतो, ते गेले की परत करकोचे. आमच्या बाजूच्या दलदलीत त्यांची घरटी अजून आहेत. सीमेपलीकडच्या दलदलीत चाळीस वर्षांपूर्वी चर खणून पाणी काढून टाकलं, शेतं केली, आणि पाण्याबरोबर पक्षीही गेले. आता त्यांनी चर बुजवून पाणी परत आणलंय. पण पाणी आलं म्हणून करकोचा येत नाही. तो जिथं उडायला शिकतो, तिथंच परततो. म्हणून दोन्ही देशांच्या साहेबांनी बसून कागद केले. करकोची दोन अंडी घालते आणि बहुतेक वेळा एकच पिल्लू जगवते. ते दुसरं अंडं आम्ही उचलायचं, उबवायचं, पिल्लू वाढवायचं आणि अडीच महिन्यांचं झालं की पेटीत घालून पलीकडच्या पाण्यावर नेऊन सोडायचं. मग तिथल्या लोकांनी सांभाळायचं.

यात एकच नियम असा, की तो मोडला तर बाकीचं सगळं पाण्यात. पिल्लाला माणूस कळता कामा नये. अंड्यातून बाहेर आल्यापासून त्याच्यासमोर जायचं ते पायघोळ पांढरा झगा घालून, तोंडावर जाळीचा टोप ओढून. उजव्या हातात करकोच्याचं डोकं, खऱ्यासारखी चोच असलेलं. त्या चोचीनंच भरवायचं, पाणी दाखवायचं, रागवायचं. खिशातल्या डबीतून करकोचीचा आवाज लावायचा. आणि बोलायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही. ज्या पिल्लाला माणूस आपला वाटला, ते मोठं झाल्यावर माणसांकडेच जाणार, आणि माणसांत करकोचा फार दिवस टिकत नाही. नव्या पोरींना हे मीच शिकवते. तोंडपाठ आहे मला.

आणि या कामाला घेतलं कुणाला, तर मला. माझी आई म्हणायची, ही झोपेतसुद्धा भांडते. आठ तास तोंडाला कुलूप लावून मी घरी जायची आणि उंबऱ्यातच तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. आमचे हे ऐकायचे. बसच्या कारखान्यात फिटर होते. दिवसभर हातोड्यांचा आवाज ऐकून आलेला माणूस, पण माझं ऐकायला कधी कंटाळले नाहीत. बरोब्बर जिथं हवं तिथं "मग?" म्हणायचे. संसारभर त्यांनी मला दिलेला हा एवढा एक दागिना.

मागच्या मोसमात अंडी यायच्या महिनाभर आधी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्यांना सगळं कळतं, पण शब्द फुटत नाही. सुरुवातीला मी बोलत राहिले. मी काही सांगितलं की ते उत्तर द्यायला बघायचे, चेहरा लाल व्हायचा, घशातून नुसता घरघराट आणि मग डोळ्यांतून पाणी. असं दहाबारा वेळा झालं. मग मी घरी बोलणंच बंद केलं. त्यांना त्रास नको म्हणून. कामावर गप्प आणि घरीही गप्प. सांगते तुम्हाला, माणूस आतून कुजतो.

त्या मोसमात सतरा जन्मलं. पलीकडे पिल्लं पाठवायला लागल्यापासूनच्या दोन वर्षांतलं सतरावं, आणि त्या वर्षी सगळ्यात शेवटी आलेलं. पाय धरेना, चोचीतलं घेईना. तीन दिवस नळीनं पोटात घातलं. चौथ्या दिवशी दुपारी शेडमध्ये मी एकटी, बाकीचे जेवायला गेलेले. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. घाम पुसायला मी टोप काढला. हाच पहिला गुन्हा. आणि तोंडातून निघून गेलं, "खा की रे बाबा. माझ्या डोळ्यांदेखत मरू नकोस."

त्यानं मान वळवली. माझ्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्या बोटांतला माशाचा तुकडा घेतला आणि गिळला.

मी बोलले म्हणून ते जगलं, असं मी मनाला कित्येकदा समजावलंय. पण आता लपवून काय करायचंय? पाचव्या दिवशी ते चोचीतूनही खायला लागलं होतं. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. एकवीस दिवस, रोज दुपारी एक ते दोन, मी टोप काढून त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि बोलले. त्याच्यासाठी नाही. माझ्यासाठी. त्या कोपऱ्यातला कॅमेरा बिघडला होता, दुरुस्तीचा अर्ज लिहायचं काम माझ्याकडे होतं, आणि तो अर्ज मी तेवढे दिवस लिहिला नाही. वहीत मात्र रोज एक ओळ, "नियमाप्रमाणे", आणि खाली सही.

एकविसाव्या दिवशी नवी पोरगी डबा विसरली म्हणून अर्ध्यातून परत आली. तिची पावलं ऐकून मी घाईघाईनं टोप चढवला, आणि कानाला खडा लावला. नंतर दोन दिवस मी आत गेले की सतरा टोपाच्या जाळीपाशी तोंड आणून चिवचिव करायचं, वाट बघायचं. तिसऱ्या दिवशी गप्प झालं. मला वाटलं, विसरलं. पुढे तळ्यावर बाकीच्या सातांबरोबर चालायला लागलं तेव्हा तर मी मनातल्या मनात हात जोडले. सुटलो, म्हटलं, दोघंही.

पिल्लं न्यायला पलीकडून जी बाई आली, तिला मी पलीकडचीच म्हणायची. तिचं नाव माझ्या जिभेवर बसेना. तिथल्या तळ्यावर पिल्लं सांभाळायचं काम तिचं, म्हणजे माझंच काम, पाण्याच्या दुसऱ्या टोकाला. पाहुण्यांच्या खोलीचं छप्पर गळत होतं म्हणून चार दिवस ती आमच्याकडेच राहिली. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिची भाषा मला येईना, माझी तिला. बोटांनी चालवलं. तिनं मला चार शब्द शिकवले: पिल्लू, पाणी, मी, झोप. नको नको म्हणताना भांडी घासायला बसायची. यांच्या वाकड्या हातात चेंडू द्यायची, मूठ मिटून द्यायची, उघडायची. तिचा बापही असाच अंथरुणाला खिळलेला. फोनवर फोटो दाखवला होता. त्या घरात कमावती ती एकटी.

निघताना तिनं आठही पेट्यांत तीनतीनदा डोकावून बघितलं. मग माझ्याकडे बघून स्वतःच्या डोळ्यांना हात लावला आणि पेट्यांकडे दाखवला. म्हणजे डोळ्यांत तेल घालून सांभाळीन. मी तिच्या पाठीवर थोपटलं. तेव्हा सांगायचं होतं मला. नाही सांगितलं.

अकरा वाजता मी वही मांडीवर घेऊन डॉक्टरीणबाईंच्या शेजारी बसले. स्क्रीनवर पलीकडची खोली दिसत होती. लांब टेबल, तिघं साहेब, आणि टेबलाच्या टोकाला, भिंतीला लागून ठेवलेल्या खुर्चीवर पलीकडची. वाळली होती. मला बघून तिनं हात किंचित वर केला आणि लगेच खाली घेतला.

डॉक्टरीणबाई दोन वर्षं तिकडे शिकायला होत्या, त्यांना ती भाषा येते. त्या ऐकायच्या आणि मला हळूच सांगायच्या. सतरा पहिल्या महिन्यातच थव्यातून फुटलं. गावात जायला लागलं. माणसाला घाबरेना. तीनदा पकडून पाण्यावर आणून सोडलं, तीनदा परत गेलं. आणि मागच्या सोमवारी रस्त्यावर मेलं. चौकशी झाली. असं पिल्लू आपोआप होत नाही, कुणीतरी टोप काढून हातानं भरवलेलं असणार. तळ्यावर ड्यूटी हिची. तेव्हापासून हिला घरी बसवलंय. आज कायमचं काढायचं ठरतंय.

"ती काय म्हणते?"

"म्हणते, मी टोप कधी काढला नाही. पण मग काढला कुणी, ते तिला सांगता येत नाही."

मग मधले साहेब उभे राहिले. आमच्याकडे बघून, हात समोर बांधून काहीतरी बोलले.

"माफी मागतायत आपली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या लोकांनी इतक्या कष्टानं वाढवलेलं पिल्लू आमच्या हलगर्जीपणानं गेलं, म्हणतात."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या मांडीवरची वही उचलली आणि कॅमेऱ्यासमोर धरून एकेक पान उलटायला लागल्या. नियमाप्रमाणे, नियमाप्रमाणे, नियमाप्रमाणे. पंच्याहत्तर दिवस, पंच्याहत्तर सह्या. काय बोलल्या ते मला शब्दांवरून कळलं नाही, पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यावरून कळलं. आमच्या मावशींबाबत प्रश्नच येत नाही, असं म्हणत होत्या. पलीकडची माझ्याकडे बघून मान हलवत होती. तिलाही पटलं होतं ते. तिला माझा संशयसुद्धा आला नव्हता.

मी गप्प बसू शकले असते. खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं तोच विचार केला. यांची औषधं होती. केंद्राच्या आवारातल्या दोन खोल्या होत्या, त्या कामाबरोबर जातात. बारा वर्षांचं नाव होतं. मूग गिळून बसायची तर सवय होतीच मला, पगारच त्याचा घेत होते. पण ती मान हलवत होती ना, ते मला बघवेना.

"बाई," मी म्हटलं, "मी बोलत होते त्याच्याशी."

"कुणाशी?"

"सतराशी. टोप काढून. एकवीस दिवस. कॅमेरा बंद होता तेव्हा."

डॉक्टरीणबाईंनी पटकन एक बटण दाबलं. आमचा आवाज तिकडे जाणं बंद झालं.

"मावशी, आत्ता नको. बैठक संपली की माझ्या खोलीत बोलू आपण."

"तोवर ती त्या खुर्चीवरनं उठलेली असेल."

"तुम्हाला कळतंय का काय होईल? पुढच्या मोसमाची अंडी थांबतील. आपल्यावर विश्वास ठेवून हे सगळं चाललंय. एका पिल्लासाठी पुढची सगळी घालवायची?"

त्या वाईट नाहीत. उमेदीची सगळी वर्षं या दलदलीत घातलीत त्यांनी. आणि त्या म्हणत होत्या ते खोटंही नव्हतं. पण बटण कुठलं ते मी बघितलं होतं. मी हात लांब करून दाबलं.

तिकडची कुजबुज परत ऐकू यायला लागली. मी स्क्रीनजवळ सरकले आणि तिच्याकडे बघून तिच्या भाषेत म्हटलं, "पिल्लू." मग म्हटलं, "मी." बोलले याला शब्द मला येत नव्हता. मी दोन्ही हातांनी डोक्यावरचा नसलेला टोप काढला, बाजूला ठेवला आणि तोंडापाशी बोटांची उघडझाप केली. परत म्हटलं, "मी. पिल्लू. मी."

पलीकडची माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं हे मला कळलं, कारण तिची हलणारी मान थांबली. इतकी वर्षं मी लोकांच्या शिव्या खाल्ल्यात, घातल्यात, पण तिच्या त्या थांबण्यासारखं काही अंगावर आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी वही मिटून टेबलावर ठेवली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि मग त्यांनी तिकडच्या भाषेत सगळं सांगितलं. बराच वेळ सांगत होत्या. मध्ये मला दोनदा विचारलं, किती दिवस, आणि कितव्या दिवसापासून. काहीही गाळलं नसावं, कारण शेडमधल्या बिघडलेल्या कॅमेऱ्याच्या दिशेनं बोट दाखवलेलं मी बघितलं.

तिथंच निकाल लागला. पलीकडचीचं काम राहिलं, ती दुसऱ्या दिवशीपासून तळ्यावर. मला पिल्लांच्या शेडमध्ये यापुढे पाऊल टाकायचं नाही, बाकी काय ठेवायचं ते आमचे वरचे साहेब ठरवणार. अंड्यांचं दोन्हीकडचे लोक बसून बघणार. मधले साहेब आमच्याकडे न बघताच कागद गोळा करून उठले, त्यांच्यामागून बाकीचे दोघं. डॉक्टरीणबाई स्क्रीन बंद करायला गेल्या तर पलीकडची हात वर करून म्हणाली, थांबा. ती अजून त्याच खुर्चीवर होती.

तिनं काहीतरी विचारलं. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या.

"ती विचारते, काय बोलायचात तुम्ही त्याच्याशी?"

मला वाटलं होतं, शिव्या देईल. त्या सोप्या गेल्या असत्या.

"काही नाही हो," मी म्हटलं. "घरचंच. आज भाजी कुठली केली, नळाला पाणी किती वाजता आलं, शेजारणीशी काय वाजलं, माझा गुडघा, यांनी रात्री किती कण्हलं. यांना सांगायचे ना मी रोज, तेच. मध्येच थांबले की ते मान वाकडी करून बघायचं माझ्याकडे. मग मी पुढचं सांगायची."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पलीकडचीनं पदर नव्हता म्हणून बाहीलाच डोळे पुसले. मग बोलायला लागली. थोडं थोडं, थांबत. डॉक्टरीणबाईही तसंच थांबत मला सांगायला लागल्या.

"म्हणते, आम्हाला वाटायचं ते गावात खायला जातं. लोक दाणे टाकायचे, मासे टाकायचे. त्यानं कधी चोच लावली नाही. आम्हाला कळेचना, हे येतं कशाला... बायका जिथं कपडे धुतात, तिथं जाऊन उभं राहायचं. त्यांच्यापासून दोन हातांवर. मान वाकडी करून. बायका बोलत असल्या की तासन्‌तास हलायचं नाही. त्या गप्प झाल्या की निघून जायचं, दुसरीकडे कुणी बोलतंय का बघायला."

मी टेबलाची कड धरली.

"सोमवारी दोघीजणी बाजारातून परत येत होत्या, रस्त्याच्या कडेनं, बोलत बोलत. ते त्यांच्या मागं मागं चालत होतं. बऱ्याच अंतरापासून. त्यांनी रस्ता ओलांडला. ट्रक येतोय बघून घाईनं ओलांडला. ते मागून गेलं."

आता मला वाईट वाटलं. पोटापासून वाटलं. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तो मी घेतला नाही.

"बाई," मी म्हटलं, "विचारा ना तिला. त्या दोघी काय बोलत होत्या?"

"कशाला आता, मावशी?"

"विचारा."

त्यांनी विचारलं. पलीकडचीला बहुधा त्या बायकांनी सगळं बसून सांगितलं असावं, कारण तिला आठवायला वेळ लागला नाही.

"विशेष काही नाही म्हणते. एकीची सून बाळंतपणाहून परत यायची होती. खाटेला नवी दोरी लावायची, का आहे तीच चालेल, ते."

मी मान हलवली. खाट जुनी असेल तर दोरी बदललेलीच बरी, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ते मी बोलले नाही.